जोड अंगठ्या: आधी खडे, मग सोने

श्रोतेहो, नमस्कार. तुळशीचे लग्न लागले की इंदुरात राजवाड्याजवळच्या सराफ्यात साखरपुड्याच्या अंगठ्यांची चौकशी सुरू होते. (रात्रीचा सराफा खवय्यांचा; त्याच्याशी आज आपल्याला कर्तव्य नाही.) अलीकडे पुष्कळ वधूवर एकमेकांशी जुळणाऱ्या, खडे जडवलेल्या दोन अंगठ्या हाताने घडवून मागतात. मागणी उत्तम आहे, पण बहुतेक जण आधी नक्षी निवडतात, मग सोन्याचा भाव विचारतात आणि खड्याकडे सर्वांत शेवटी वळतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे. जोड जमवायची ती खड्यांची. सोने त्यांच्या मापाने मागाहून घडते.

दोन खडे जुळणे म्हणजे काय, याचे उदाहरण आपल्या गावाच्या इतिहासातच आहे. तिसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १९१३ साली पॅरिसच्या शोमे या पेढीकडून नासपतीच्या आकाराचे दोन हिरे घेतले, आणि ते पुढे ‘इंदूर पेअर्स’ या नावाने जगभर ओळखले गेले. एकाचे वजन ४६.९५ कॅरट होते आणि दुसऱ्याचे ४६.७०. म्हणजे एवढ्या नामांकित जोडीतही पाव कॅरटचा, पन्नास मिलिग्रॅमचा फरक होताच. जोड पाहायची ती नजरेने: रंग, पाणी, पैलूंची ठेवण आणि समोरून दिसणारा आकार जुळला की पुरे. त्यासाठी दोन्ही खडे दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली न पाहता, पांढऱ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून दिवसाच्या उजेडात पाहावेत.

दोघांना एकाच रंगाचा खडा हवा असेल, असेही नाही. माणिक आणि नीलम ही मुळात एकाच खनिजाची, कुरुंदाची, रूपे आहेत. क्रोमियमच्या अंशाने ते लाल होते, लोह आणि टायटॅनियमच्या अंशाने निळे. एका अंगठीत माणिक आणि दुसरीत नीलम बसवला, तर रंग वेगळे राहूनही दोन्ही खडे सख्खे असतात, आणि मला ही जोड एकसारख्या दोन हिऱ्यांपेक्षा अधिक देखणी वाटते. अर्थात नीलमाचे नाव काढताच घरातली वडील मंडळी पत्रिका मागवतात, तेव्हा आधी त्यांना विचारलेले बरे.

लग्नाची अंगठी रोज वापरायची असते, म्हणून खड्याचा कठीणपणा महत्त्वाचा. मोहसच्या मापात हिरा १०, कुरुंद ९, पाचू साडेसात ते आठ आणि मोती जेमतेम अडीच ते साडेचार. आपल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि त्यांचा कठीणपणा ७ आहे. त्याहून मऊ खडा नुसत्या पुसण्यानेही हळूहळू निस्तेज होतो. पाचू कठीण असला तरी त्यात बारीक चिरा असतात आणि त्या बहुधा तेलाने भरलेल्या असतात, त्यामुळे तो उष्णतेपासून जपावा लागतो. काच भरलेली माणके तर सोनाराच्या आम्लातही टिकत नाहीत. तेव्हा खड्यावर काय प्रक्रिया झाली आहे, हे प्रमाणपत्रावर लिहून घ्यावे.

आता घडणीकडे येऊ. दोन्ही अंगठ्यांचे सोने एकाच मुशीत आटवून एकच तार ओढावी आणि तिचे दोन तुकडे करावेत, म्हणजे रंगात फरक राहत नाही, कारण मिश्रणात तांबे थोडे अधिक पडले तरी सोन्यावर लाली चढते. आजीची पाटली आटवून अंगठ्या करायच्या असतील, तर जुन्या डाखामुळे, म्हणजे सांधे जोडायला वापरलेल्या धातूमुळे, कस उतरतो, हे ध्यानात ठेवून आटवल्यानंतर कस तपासून घ्यावा. बावीस कॅरटचे सोने मऊ असते आणि त्याची खडा धरणारी नखे लवकर वाकतात. खड्यासाठी अठरा कॅरट, म्हणजे शेकडा पंचाहत्तर सोने, अधिक विश्वासाचे.

जडकाम करणारा कारागीर अंगठी लाखेत रुतवून घट्ट धरतो, कोंदणाच्या आतल्या बाजूला खड्याच्या कंबरेपुरती, म्हणजे त्याच्या सर्वांत रुंद कडेपुरती, खाच कोरतो आणि खडा बसला की पातळ कड त्यावर दाबू लागतो. तो एका बाजूने दाबत जात नाही. गाडीच्या चाकाचे नट समोरासमोर आवळतात, तसा तो आधी चार समोरासमोरच्या जागी दाब देतो आणि मग मधल्या जागा भरतो; नाही तर खडा कलतो. हे पाहिले की घडणावळ का द्यावी लागते, ते वेगळे सांगावे लागत नाही. कानशीचा कीसही वाया जात नाही. सोनारांच्या दुकानांतली धूळ धुऊन सोने काढणारे झारेकरी त्याच कणांवर पोट भरत आले आहेत.

बोटाचे माप संध्याकाळी द्यावे, कारण सकाळी बोटे किंचित बारीक असतात, आणि पट्टी रुंद असेल तर माप थोडे सैल ठेवावे. भोवती सगळीकडे खडे असलेली अंगठी पुढे मोठी करणे जवळजवळ अशक्य असते. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, खड्याचे वजन आणि घडणावळ वेगवेगळी लिहून घ्यावी, म्हणजे खड्याला सोन्याचा भाव लागत नाही. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरांकांची एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याची स्वतंत्र ओळख सांगणारी खूण लागते. कुंदन, पोलकी आणि जडाव या पारंपरिक घडणीच्या दागिन्यांना मात्र या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे तिथे भरवसा सराफावरच.

आणि अंगठ्या घरी आल्यावर प्रत्येक अंगठी कानाशी धरून बोटाने हलकेच टिचकी मारून पाहावी. आतून किणकिण ऐकू आली, तर खडा सैल आहे असे समजून ती बोटात न घालता तशीच कारागिराकडे परत न्यावी. नमस्कार.