न केलेल्या गोष्टींची पापकबुली

श्रोतेहो, नमस्कार.

रविवारच्या उपासनेत पापकबुलीची वेळ आली, की आपण डोळे मिटतो आणि गेल्या आठवड्यात आपल्या हातून काय काय घडले ते आठवू लागतो. रागाच्या भरात तोंडून गेलेला शब्द आठवतो, एखादे खोटे आठवते, मनात आलेला मत्सर आठवतो. आठवडा बरा गेला असेल, तर सांगण्यासारखे फारसे हाती लागत नाही; आणि पाळकसाहेब क्षमेचे वचन वाचू लागतात तेव्हा आपण पुढच्या गीताचा क्रमांक शोधू लागलेलो असतो. आज मला बोलायचे आहे ते या कबुलीत सहसा न येणाऱ्या पापांविषयी, म्हणजे जे करायला हवे होते, करता येत होते आणि तरीही केले नाही, त्याविषयी.

मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, जुन्या प्रार्थनांनी या पापांना कधीच दुय्यम मानलेले नाही. अँग्लिकन मंडळीच्या 1552 च्या प्रार्थनापुस्तकात सकाळच्या उपासनेसाठी जी सर्वसाधारण पापकबुली घातली गेली, तिच्यात करायला हव्या होत्या त्या गोष्टी आम्ही केल्या नाहीत हे वाक्य आधी येते आणि करू नयेत त्या केल्या हे वाक्य नंतर येते. कॅथलिक मंडळीच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर सुधारलेल्या मिस्साविधीतही, म्हणजे त्यांच्या मुख्य उपासनेतही, विचाराने, शब्दाने आणि कृतीने झालेल्या पापांच्या बरोबरीने कर्तव्य न केल्याचे पाप कबूल केले जाते. म्हणजे सोलापुरातला प्रोटेस्टंट असो की कॅथलिक, त्याला दर रविवारी ही कबुली ओठांवर मिळालेली आहे. अडचण एवढीच आहे, की ती सर्वांनी मिळून म्हणायची असल्याने कोणाच्याच अंगाला लागत नाही.

याकोबाने आपल्या पत्राच्या चौथ्या अध्यायाच्या शेवटी या बाबतीत पळवाट ठेवलेली नाही. चांगले काय ते कळत असून जो ते करत नाही, त्याच्यासाठी ते पापच आहे, असे तो सांगतो. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात तर प्रभू येशूने शेवटच्या न्यायाचे जे चित्र उभे केले, त्यात डाव्या हाताला उभ्या असलेल्या लोकांवर खुनाचा, चोरीचा किंवा व्यभिचाराचा एकही आरोप नाही. भुकेल्याला खायला दिले नाही, तान्हेल्याला पाणी दिले नाही, परक्याला घरात घेतले नाही, उघड्याला वस्त्र दिले नाही, आजारी असलेल्याची आणि बंदिशाळेतल्याची भेट घेतली नाही, एवढेच त्यांच्या नावावर मांडलेले आहे. आणि ते खरोखर चकित होतात. प्रभू, आम्ही तुला अशा स्थितीत कधी पाहिले, असे ते विचारतात, आणि मला वाटते त्या प्रश्नात ढोंग नाही. केलेल्या पापाची खूण मनावर राहते. न केलेल्या गोष्टीची राहत नाही, कारण त्या वेळी काही घडलेलेच नसते.

या विषयाचा सर्वांत खोल धडा मात्र मला लूकच्या सोळाव्या अध्यायातल्या श्रीमंत मनुष्य आणि लाजर यांच्या दृष्टांतात दिसतो. हा श्रीमंत मनुष्य दुष्ट होता असे त्या कथेत कोठेही म्हटलेले नाही. त्याने लाजराला हाकलले नाही, त्याच्यावर कुत्री सोडली नाहीत; फोडांनी भरलेल्या त्या माणसाला त्याने आपल्या दाराशी पडू दिले, आणि त्याच्या मेजावरून पडणाऱ्या तुकड्यांची लाजर वाट पाहत राहिला. आता एक गोष्ट लक्ष देऊन पाहा. मेल्यावर अधोलोकात यातना भोगत असताना तो दुरून अब्राहामाला हाक मारतो आणि लाजराला पाठव, असे म्हणतो. म्हणजे त्याला नाव ठाऊक होते! रोज दारातून जाता येता त्याने त्या माणसाला पाहिले होते, तो कोण हे त्याला माहीत होते, आणि एवढी ओळख असूनही त्या ओळखीतून एक भाकरीसुद्धा बाहेर पडली नाही. त्याहून वाईट म्हणजे, त्या स्थितीतही तो लाजराशी थेट बोलत नाही. आपल्या जिभेला गारवा मिळावा म्हणून त्याला निरोप्यासारखा पाठवावा, एवढेच त्याला सुचते.

या दाराला मी महत्त्व देतो, कारण न केलेल्या पापांचा विचार सुरू झाला की पुष्कळ हळव्या मनांना सगळ्या जगाचे ओझे आपल्याच डोक्यावर आल्यासारखे वाटते. वर्तमानपत्रातल्या प्रत्येक दुःखाला आपण जबाबदार आहोत असे ज्याला वाटते, तो थोड्याच दिवसांत थकतो आणि मग काहीच करत नाही. तेराव्या शतकातला धर्मपंडित थॉमस अक्वायनस याने ही मर्यादा स्पष्ट केली आहे: जगात जे जे चांगले करता येईल ते सर्व न करणे म्हणजे पाप नव्हे, तर जे चांगले करणे आपल्यावर बंधनकारक आहे ते टाळणे हे पाप होय. लाजर त्या श्रीमंताच्या दाराशी होता, आणि म्हणून तो त्याच्या वाट्याचा होता.

सोलापुरात असे दार शोधायला लांब जावे लागत नाही. आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. मधले काही दिवस जातात आणि मग ज्या दिवशी पाणी सुटते त्या दिवशी घरातली प्रत्येक घागर, बादली आणि पिंप भरून घेण्याची घाई उडते. वरच्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्या बाईला दोन घागरी कोण चढवून देणार? तिच्या शेजारी ख्रिस्ती कुटुंब असेल, तर त्या कुटुंबाच्या सकाळच्या प्रार्थनेइतकीच ती घागर महत्त्वाची आहे, असे मी पूर्ण विचाराने म्हणतो. तान्हेल्याला पाणी देण्याविषयी प्रभू बोलला, तेव्हा तो कोरड्या प्रदेशातल्या लोकांशी बोलत होता, आणि आपणही तसेच आहोत.

यंत्रमागावर उभे आयुष्य घालवलेले एखादे आजोबा आपल्या मंडळीत असतात. मागांच्या खडखडाटात वर्षानुवर्षे उभे राहून त्यांचे कान गेलेले असतात. ते नेमाने उपासनेला येतात, स्वच्छ धुतलेला सदरा घालून आपल्या ठरलेल्या बाकावर बसतात, इतर उभे राहिले की उभे राहतात, इतर बसले की बसतात. उपदेशाचे एक वाक्यही त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. शेजारी बसणाऱ्याने शास्त्रपाठाचे पान उघडून ओळीवर बोट ठेवावे, किंवा उपासना संपल्यावर कानाशी तोंड नेऊन पाळकसाहेब आज काय बोलले ते चार वाक्यांत सांगावे, एवढेच हवे असते. कोणी त्यांचा अपमान केलेला नसतो. सगळे त्यांना आदराने जय ख्रिस्त म्हणतात, आणि ते पुन्हा सात दिवस वचनाविना घरी जातात.

मजुरीचेही तसेच आहे. या शहरातली कितीतरी घरे विडीच्या मजुरीवर चालली, आणि ती मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. हात थांबले की पैसे थांबतात. शिवणकाम, धुणीभांडी, हमाली यांचाही हिशेब असाच असतो. अशा माणसाने शनिवारी आपले पैसे मागितले आणि आपल्या खिशात ते असताना आपण त्याला सोमवारी या म्हटले, तर आपण त्याला फसवले असे कोणी म्हणणार नाही. पण नीतिसूत्रांचा तिसरा अध्याय नेमके हेच वाक्य पकडतो: देण्याजोगे आपल्याजवळ असताना शेजाऱ्याला, जा, परत ये, उद्या देईन, असे म्हणू नको. जुन्या करारातल्या अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात तर मजुराची मजुरी सूर्यास्तापूर्वी देण्याची आज्ञा आहे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलेला आहे.

न बोलण्याचे पाप याहून अवघड असते. लग्न जमवण्याच्या बैठकीत देण्याघेण्याची भाषा सुरू होते, किंवा एखाद्या कुटुंबाच्या मूळ जातीचा उल्लेख हलक्या आवाजात केला जातो, आणि खोलीत बसलेले मंडळीचे वडीलधारे पुढारी चहाचा कप हातात धरून खाली पाहत राहतात. नंतर घरी आल्यावर ते पत्नीजवळ हळहळतात. त्या हळहळीचा त्या मुलीला काय उपयोग? ख्रिस्तामध्ये भेद उरला नाही असे ज्याने व्यासपीठावरून वाचले आहे, त्याचे त्या खोलीतले मौन हे बोलणाऱ्याच्या शब्दांना मिळालेले अनुमोदन ठरते, आणि तरुण मुले ते अचूक टिपतात.

प्रार्थनेविषयी थोडेच सांगतो. प्रार्थना करण्याचे सोडणे हे परमेश्वराविरुद्ध पाप आहे, असे शमुवेल संदेष्टा इस्राएल लोकांना आपल्या नावाच्या पहिल्या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात सांगतो. व्हॉट्सअ‍ॅपवर जोडलेल्या हातांचे चित्र पाठवून आपण प्रार्थना करतो असे कळवणे आणि त्यानंतर त्या आजाऱ्याचे नावही देवापुढे न घेणे, हे आपल्या काळात फार सोपे झाले आहे.

वाटेत जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतातले नाव आता आपल्या देशाच्या कायद्यातही आले आहे. रस्त्यावरच्या अपघातात जखमींना मदत करणाऱ्यांना त्रास होऊ नये, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मार्गदर्शक तत्त्वांना कायद्याचे बळ दिले, आणि 2019 मध्ये मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आले, ज्यात सद्हेतूने मदत करणाऱ्याला गुड समॅरिटन म्हटले आहे. पुणे महामार्गावर जखमी माणूस दिसला असता पोलिसांच्या भीतीने पुढे जाण्याचे कारण आता उरलेले नाही. मात्र नुसते पाहून पुढे जाणाऱ्या वाटसरूला ते कलम काही करत नाही. यरुशलेमहून यरीहोला उतरणाऱ्या रस्त्यावर याजक आणि मंदिरात सेवा करणारा लेवी जखमीला पाहून जेथून निघून गेले, तेथे आजही कायदा पोहोचत नाही, पण त्या जखमीचा शेजारी कोण ठरला, हा प्रभूचा प्रश्न पोहोचतो.

हे सारे ऐकून कोणाला वाटेल, की तारण आपल्या कर्मांनी मिळवायचे आहे काय? नाही. इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय कृपेनेच तारण झाले असे सांगतो, आणि लगेच पुढे म्हणतो, की आपण चालावे म्हणून सत्कृत्ये देवाने आधीच सिद्ध करून ठेवली आहेत. याचा अर्थ मी असा घेतो, की जे काम आपण टाळले ते कोणीतरी आपल्यासाठी तयार करून ठेवले होते. म्हणून पापकबुलीच्या वेळी आम्ही कर्तव्यात चुकलो, एवढ्यावर थांबू नये. एक नाव घ्यावे. ज्याच्याकडे जायचे राहिले त्याचे नाव, ज्याचे देणे राहिले त्याचे नाव. ते नाव मनात आल्यावर दुपारच्या जेवणाआधी त्या घरी जाता येते, कारण केलेला वार परत घेता येत नाही, पण न केलेली भेट पुष्कळदा अजूनही घेता येते.

पुष्कळदा, पण नेहमी नाही. आईच्या शेवटच्या आजारात गावी जायचे राहून गेले, भावाशी बोलणे टाकले आणि तो गेला, असे दुःख घेऊन आज काही श्रोते हे भाषण ऐकत असतील. त्यांना पेत्राची आठवण करून द्यावीशी वाटते. महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात ज्या रात्री बोलायला हवे होते, त्या रात्री तो येशूचा म्हणून उभा राहिला नाही, आणि ती रात्र त्याला परत मिळाली नाही. योहानाच्या एकविसाव्या अध्यायात पुनरुत्थित प्रभू त्याला त्या रात्रीचा जाब विचारत नाही. तीनदा प्रेमाविषयी विचारतो आणि तीनदा आपली मेंढरे त्याच्या हाती सोपवतो. पेत्राला जे एकासाठी करता आले नाही, ते करण्यासाठी त्याला इतर माणसे दिली गेली.

आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये अक्कलकोट, मंगळवेढा, बार्शीकडून आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात. त्यांच्याबरोबर आलेला एखादा मुलगा किंवा सून रात्रभर बाहेर पायरीवर बसून असते. औषधाची चिठ्ठी हातात असते आणि ती कोठे दाखवायची हे कळत नसते. कोणाला मराठी येत नाही, कन्नड येते. कोणाला तेलुगू येते. या तिन्ही भाषा बोलणारी माणसे आपल्या मंडळ्यांत आहेत. ज्यांच्या आईजवळ बसायचे राहून गेले, त्यांनी येत्या रविवारी उपासनेनंतर तेथे जावे, डबा न्यावा, आणि चिठ्ठी वाचून दाखवावी.