दोन मिलीलिटरची टाकी

पडद्यावर दिसणारी ही काचेची टाकी ब्रिटनमधील व्हेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, दुकानात सर्रास मिळते. अंगठ्याच्या पेराएवढ्या या टाकीत जेमतेम दोन मिलीलिटर द्रव मावतो, कारण २०१६ च्या नियमांनुसार तेथे याहून मोठी टाकी विकता येत नाही आणि द्रवातील निकोटिनही दर मिलीलिटरला २० मिलिग्रॅमच्या पुढे नेता येत नाही. १ जून २०२५ पासून तेथे एकदा वापरून फेकण्याच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी आली आणि टाकी स्वतः भरण्याचे, एरवी हौशी मंडळींचे असलेले काम इतरांनाही शिकावे लागले.

टाकी उघडली की तळाशी धातूची एक बारीक नळी दिसते. तिच्या आत तारेचे वेटोळे, म्हणजे कॉइल असते, कॉइलभोवती कापूस असतो आणि नळीच्या भिंतीतील छिद्रांमधून द्रव त्या कापसापर्यंत पोहोचतो. बॅटरीचा प्रवाह सुरू होताच तार तापते. कापसातील द्रवाचे मुख्य घटक दोन: प्रॉपिलिन ग्लायकॉल १८८ अंश सेल्सिअसला, तर ग्लिसरीन २९० अंशांना उकळते. त्या दोहोंच्या मिश्रणाची वाफ मधल्या धुराड्यातून वर जाताना थंड होते आणि तिचे सूक्ष्म थेंब बनतात. तोंडावाटे बाहेर पडतात ते हेच थेंब. त्याला वाफ म्हणण्याची रीत पडली आहे, पण ते धुक्याच्या अधिक जवळचे आहे.

कापसाचे काम समईच्या वातीसारखेच आहे, परंतु एक फरक महत्त्वाचा आहे. समईत जेवढे तेल जळते तेवढेच वात वर ओढते. टाकीत मात्र वेग ठरवते ते बटणावरचे बोट, आणि कापसाला द्रव ओढायला वेळ मिळाला आहे की नाही, हे त्या बोटाला कळत नाही. ३.७ व्होल्टवर एक ओहम (विद्युतरोधाचे एकक) रोधाची कॉइल सुमारे १४ वॉट खेचते, तर अर्ध्या ओहमची त्याच्या दुप्पट. त्यामुळे कमी ओहमच्या कॉइलला मोठी छिद्रे ठेवतात आणि तिच्यात ग्लिसरीनचे प्रमाण अधिक असलेला दाट द्रव चालतो. तोच द्रव बारीक छिद्रांच्या कॉइलमध्ये भरला, तर तो कापसापर्यंत वेळेत पोहोचत नाही.

म्हणूनच नवी कॉइल बसवण्यापूर्वी तिच्या कापसावर द्रवाचे चार-पाच थेंब सोडावेत. पांढराशुभ्र कापूस हळूहळू ओलसर, अर्धपारदर्शक दिसू लागतो. त्यानंतर मधल्या धुराड्यात थेंबही जाऊ न देता टाकी भरावी, वर थोडी हवा राहू द्यावी आणि पाच-दहा मिनिटे थांबावे. येथे केलेली घाई सर्वांत महागात पडते. कोरडा कापूस करपला की घसा जाळणारी चव येते, अतितापलेल्या द्रवातून फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिनसारखी घातक रसायने तयार होतात, आणि करपलेली कॉइल पुन्हा भिजवून सुधारत नाही. ती बदलावीच लागते.

टाकी गळू लागली की दोष बहुधा रबरी कड्यांना दिला जातो. त्या झिजतात हे खरे, पण द्रव आत थोपवून धरण्याचे काम वरच्या हवेचा कमी झालेला दाबही करत असतो. पाण्याची बाटली उपडी केली की बुडबुडा आत शिरल्याशिवाय पाणी बाहेर येत नाही, तसेच हे आहे. वरचे झाकण उघडताच दाबातील हा फरक नाहीसा होतो, म्हणून भरण्याआधी हवा आत घेणारी खालची खिडकी बंद करावी.

धूम्रपान सोडू पाहणाऱ्या प्रौढांसाठी ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा व्हेप हा एक मार्ग मानते. धूम्रपान न करणाऱ्यांना मात्र ती तो सुचवत नाही. निकोटिनचे व्यसन लागतेच, शिवाय हा द्रव लहान मुलाच्या पोटात गेला तर विषबाधा होऊ शकते.

विमान वर चढते तसा केबिनमधील दाब घटतो, टाकीतील हवा प्रसरण पावते आणि द्रव बाहेर ढकलला जातो, म्हणून अनुभवी प्रवासी टाकी रिकामी करूनच निघतात. मुंबईला येणाऱ्याने मात्र रिकामी टाकीसुद्धा घरीच ठेवलेली बरी, कारण २०१९ च्या कायद्याने भारतात ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठवणूक यांवर बंदी आहे.