गर्दीचा तास आणि प्रादेशिक विमानतळ

श्रोतेहो, नमस्कार.

एखाद्या प्रादेशिक विमानतळाच्या विस्ताराची घोषणा होते, तेव्हा तिच्यात एक आकडा हमखास असतो: नव्या टर्मिनलमुळे वर्षाला इतके लाख प्रवासी सामावले जातील. हा आकडा खोटा नसतो, पण प्रवाशाच्या फारसा कामाचाही नसतो. टर्मिनलमध्ये जागा पुरते की नाही, सुरक्षा तपासणीला किती वेळ लागतो, गाडी कुठे लावायची, या सगळ्याचा निकाल वर्षातल्या काही मोजक्या तासांत लागतो. म्हणून आजच्या भाषणात विमानतळाची वाढ, तिथले पार्किंग आणि प्रवाशांच्या सोयी यांचा विचार आपण त्या गर्दीच्या तासाच्या हिशेबाने करणार आहोत.

हा हिशेब करण्याची एक जुनी रीत अमेरिकेच्या संघीय विमान वाहतूक प्रशासनाने घालून दिलेली आहे. वर्षाला तीन कोटींहून अधिक प्रवासी हाताळणाऱ्या विमानतळावर नेहमीच्या गर्दीच्या एका तासात वार्षिक संख्येच्या ०.०३५ टक्के प्रवासी असतात असे ती धरते; दहा लाख ते एक कोटी या गटात हे प्रमाण ०.०५ टक्के होते आणि एक ते पाच लाखांच्या छोट्या विमानतळावर थेट ०.१३ टक्क्यांवर जाते. म्हणजे विमानतळ जितका लहान, तितकी त्याची गर्दी अधिक एकवटलेली. वर्षाला साठ लाख प्रवाशांचा विमानतळ घेतला, तर दिवसाचे सरासरी साडेसोळा हजारांच्या आसपास प्रवासी होतात आणि अठरा तासांच्या कामकाजात विभागले तर तासाला जेमतेम नऊशे. पण गर्दीच्या तासासाठी मात्र तीन हजारांची तयारी ठेवावी लागते. सरासरीवर आखलेली इमारत रोज सकाळी अपुरी पडते आणि दुपारी रिकामी दिसते, त्याचे कारण हे आहे.

प्रादेशिक विमानतळावर गर्दी अशी एकवटते ती विमान कंपन्यांच्या वेळापत्रकामुळे. स्वस्त दरात सेवा देणाऱ्या कंपन्यांची विमाने रात्री तिथेच मुक्कामाला असतात आणि पहाटे, एकामागोमाग एक, तास-दीड तासात निघतात. कारण पहिले उड्डाण जितके लवकर, तितक्या अधिक फेऱ्या त्या विमानाकडून दिवसभरात करून घेता येतात. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७-८०० जातीच्या विमानात १८० ते १८९ आसने असतात. अशी पाच विमाने एका तासात सुटली, की नऊशे माणसे एकाच वेळी दारात, रांगेत आणि स्वच्छतागृहात असतात. ही उड्डाणे वीस-वीस मिनिटांनी पसरवली तर इमारतीला एक वीटही न लावता सोय वाढेल, परंतु कोणतीही कंपनी आपली पहाटेची वेळ आपण होऊन सोडत नाही, आणि प्रवासी आणणाऱ्या कंपनीशी वाद घालण्याची प्रादेशिक विमानतळाची फारशी ताकद नसते.

धावपट्टीविषयी थोडक्यात सांगतो, कारण चर्चा तिचीच जास्त होते आणि अडचण बहुधा तिथे नसते. लंडनच्या गॅटविक विमानतळाने २०१९ साली व्यवहारात एकाच धावपट्टीवर ४ कोटी ६० लाखांहून अधिक प्रवासी हाताळले. पन्नास-साठ लाखांच्या विमानतळाला धावपट्टी क्वचितच आवळते; त्याला आवळतात त्या विमाने उभी करण्याच्या जागा, सुरक्षा तपासणीच्या मार्गिका आणि इमारतीसमोरचा रस्ता.

या रस्त्यापासूनच सुरुवात करू. टर्मिनलच्या दारासमोर सत्तर मीटर लांबीची उतरण्याची जागा आहे असे समजा. एका गाडीला, पुढचे-मागचे अंतर धरून, सात मीटर लागतात. म्हणजे एका वेळी दहा गाड्या थांबू शकतात. प्रत्येक गाडी दोन मिनिटांत हलली तर तासाला तीनशे गाड्या निघून जातील. निरोप लांबला, डिकीतून बॅगा काढताना पासपोर्टची आठवण झाली आणि थांबा चार मिनिटांचा झाला, की तीच जागा दीडशे गाड्यांची होते, आणि उरलेल्या दीडशे मागच्या रस्त्यावर अडकतात. दुसरी रांग लावून गाड्या उभ्या राहू लागल्या, की पहिल्या रांगेतली मोकळी झालेली गाडीही बाहेर पडू शकत नाही. दारासमोर शिट्टी वाजवत गाड्या हलवणाऱ्या कर्मचाऱ्यावर आपण चिडतो खरे, पण त्या घटकेला संपूर्ण विमानतळाची क्षमता तोच सांभाळत असतो.

या जागेचा दुसरा प्रश्न सुरक्षेचा आहे. ३० जून २००७ रोजी ग्लासगो विमानतळावर हल्लेखोरांनी गॅसच्या टाक्या भरलेली मोटार टर्मिनलच्या प्रवेशद्वारावर घातली. त्यानंतर ब्रिटनमधील अनेक विमानतळांनी दारापुढे मजबूत खांब रोवले आणि प्रवासी उतरवण्याची जागा इमारतीपासून दूर नेली. सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यच होते, पण त्यामुळे वृद्ध, लहान मुलांना घेऊन येणारे आणि जड सामान असलेले प्रवासी यांचे चालणे वाढले. छप्पर असलेली वाट, उताराचा रस्ता, मध्ये बसायला बाक आणि गाडीपाशीच मिळणारी ट्रॉली या गोष्टी त्या दूर नेलेल्या जागेसोबत यायला हव्यात. पुष्कळ ठिकाणी त्या मागाहून येतात.

आता पार्किंग. विमानतळावरच्या पार्किंगची बाजारपेठेतल्या किंवा रेल्वे स्थानकाजवळच्या पार्किंगशी बरोबरी करता येत नाही, कारण इथे गाडी तासांवर नव्हे, दिवसांवर राहते. जॉन लिटल यांनी १९६१ साली रांगांच्या शास्त्रातला एक नियम सिद्ध केला: कोणत्याही व्यवस्थेत सरासरी किती जण असतील, हे येण्याचा वेग आणि राहण्याचा काळ यांच्या गुणाकारावर ठरते. पार्किंगला हा नियम जसाच्या तसा लागू होतो. रोज चारशे गाड्या मुक्कामासाठी येत असतील आणि सरासरी पाच दिवस राहत असतील, तर दोन हजार जागा लागतील. येण्याजाण्याच्या वाटा धरून एका मोटारीला साधारण २५ चौरस मीटर जागा लागते. तेव्हा हे क्षेत्र पाच हेक्टर, म्हणजे बारा एकरांहून थोडे अधिक होते. उद्या प्रवासी एकानेही वाढले नाहीत, पण सुट्टीवर जाणाऱ्यांचा सरासरी मुक्काम पाचाचा सहा दिवस झाला, तर आणखी चारशे जागा हव्यात. विमानतळाचे प्रवासी वाढले नसताना पार्किंग अचानक भरलेले का दिसते, याचे उत्तर अनेकदा या मुक्कामाच्या दिवसांत असते.

पार्किंग महाग केले की गाड्या कमी होतील, हा समज मात्र तपासून घ्यायला हवा. जो प्रवासी स्वतःची गाडी विमानतळावर ठेवून जातो, त्याच्या एका संपूर्ण प्रवासात गाडीच्या दोनच फेऱ्या होतात: एक जाताना, एक परतताना. तोच प्रवासी घरच्यांना सोडायला आणि न्यायला बोलावतो, तेव्हा फेऱ्या चार होतात, कारण सोडणारा परत जातो आणि न्यायला येणारा रिकामी गाडी घेऊन येतो. परतीचे भाडे न मिळालेल्या टॅक्सीचीही हीच गत. म्हणजे मुक्कामाच्या पार्किंगचे दर वाढवून आणि दुसरा पर्याय न देता आपण रस्त्यावरची वाहतूक दुप्पट करून बसतो, आणि तीही नेमकी त्या सत्तर मीटरच्या जागेवर आणून सोडतो. न्यायला येणाऱ्यांसाठी थोड्या अंतरावर निःशुल्क थांबण्याची जागा आणि ‘सामान घेऊन बाहेर आलो’ असा फोन येईपर्यंत तिथेच थांबण्याची शिस्त, हा त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मग विमानतळ असे का करत नाहीत? इथे पैशाचा विषय येतो. जगभरातल्या विमानतळांच्या एकूण उत्पन्नात विमान कंपन्यांकडून मिळणाऱ्या शुल्काखेरीज इतर मार्गांनी येणारा वाटा सुमारे ४० टक्के राहिलेला आहे, आणि दुकानांच्या जोडीने पार्किंग हा त्यातला मोठा घटक आहे. प्रादेशिक विमानतळावर तर दुकानांची उलाढाल बेताची असते आणि विमान कंपन्यांना आकर्षित करण्यासाठी उतरण्याचे शुल्क कमी ठेवावे लागते. तेव्हा ती तूट पार्किंगमधून भरून निघते. स्वस्त तिकिटाचा काही भाग प्रवासी पार्किंगच्या पावतीवर भरत असतो, असे म्हटले तर ते वावगे ठरणार नाही. चांगली बस किंवा रेल्वे सुरू झाली तर हे उत्पन्न घटते. त्यामुळे विमानतळ चालवणाऱ्याकडूनच सार्वजनिक वाहतुकीसाठी उत्साहाने पुढाकाराची अपेक्षा ठेवणे मला भाबडेपणाचे वाटते. तो आग्रह परवानगी देणाऱ्या यंत्रणेनेच धरला पाहिजे.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विमानतळाचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. तिथे रेल्वे स्थानक नाही. प्रवासी मोटारीने किंवा बसने येतात. वार्षिक मर्यादा एक कोटीवरून एक कोटी वीस लाख प्रवाशांवर नेण्याचा प्रस्ताव स्थानिक परिषदेने २०२० साली नाकारला, त्यावरील अपील २०२२ साली मंजूर झाले, आणि विरोधकांचे न्यायालयीन आव्हान २०२३ साली फेटाळले गेले. हवामान आणि आवाज यांच्यावरचा वाद सर्वांच्या कानी आला, पण त्या प्रस्तावातच हंगामापुरते वापरले जाणारे वाहनतळ वर्षभर खुले ठेवण्याची मागणीही होती, आणि ती जमीन शहराभोवतीच्या राखीव हरित पट्ट्यात येत होती. जमिनीवर गाड्या पसरवायच्या नसतील तर बहुमजली वाहनतळ बांधावे लागते, आणि ते दर गाडीमागे कितीतरी महाग पडते.

बहुमजली इमारतीची स्वतःची जोखीमही असते. १० ऑक्टोबर २०२३ च्या रात्री लंडनजवळच्या ल्यूटन विमानतळावरील बहुमजली वाहनतळात एका डिझेल मोटारीला आग लागली. ती पसरत जाऊन तेराशेहून अधिक वाहने नष्ट झाली आणि इमारतीचा काही भाग कोसळला. त्या इमारतीत आगीवर आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. धावपट्टी आणि टर्मिनल शाबूत असूनही दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उड्डाणे बंद ठेवावी लागली. वाहनतळ ही विमानतळाची दुय्यम बाब मानणाऱ्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

फ्रान्समधील ल्यों येथे यंत्रमानवाकडून गाड्या लावून घेण्याचा प्रयोग झाला. यंत्र मोटार उचलून नेते, दार उघडायला जागा ठेवावी लागत नाही, म्हणून त्याच जमिनीवर अधिक गाड्या मावतात. विजेवरच्या मोटारींचे चार्जिंग मात्र मुक्कामाच्या पार्किंगमध्ये वाटते तितके अवघड नाही. पाच दिवस उभ्या राहणाऱ्या गाडीला जलद चार्जर लागतच नाही. साधे, मंद चार्जर जास्त संख्येने बसवलेले पुरतात.

आता इमारतीच्या आत येऊ. सुरक्षा तपासणीची एक पारंपरिक मार्गिका तासाला साधारण १५० प्रवासी पुढे पाठवते. आपल्या साठ लाखांच्या विमानतळावर गर्दीच्या तासातले दोन हजार प्रवासी निर्गमनाचे धरले, तर तेरा-चौदा मार्गिका हव्यात. दहाच चालू असतील तर तासाअखेर पाचशे माणसे रांगेत उरतात आणि शेवटच्याला वीस मिनिटे थांबावे लागते. त्यातल्या दोन मार्गिका कर्मचाऱ्यांअभावी बंद राहिल्या, तर आठशे माणसे उरतात आणि थांबणे चाळीस मिनिटांवर जाते. मार्गिका पाचव्या हिश्शाने घटल्या, पण प्रतीक्षा दुप्पट झाली. म्हणूनच नव्या इमारतीत किती मार्गिका बांधल्या यापेक्षा पहाटे पाच वाजता त्यांपैकी किती चालू असतात, हा प्रश्न विचारायला हवा.

आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेने, म्हणजे आयाटाने, २०१४ साली आपल्या मार्गदर्शिकेत सोयींचे मोजमाप बदलले. पूर्वी ‘ए’ ते ‘एफ’ अशा श्रेणी होत्या. आता जागा आणि प्रतीक्षा गरजेपेक्षा जास्त सोयीची आहे, योग्य आहे की अपुरी आहे, एवढेच पाहिले जाते. यात गरजेपेक्षा मोठे टर्मिनल हाही दोषच मानला जातो, आणि तो मानायलाच हवा. उंच काचेच्या दालनाचे वातानुकूलन आणि सफाई यांचा खर्च शेवटी प्रवासीच भरतो, आणि अनेकदा त्याच दालनात बसायला खुर्च्या आणि फोन चार्ज करायला सॉकेट कमी असतात.

स्वच्छतागृहांचे नियोजन निर्गमनापेक्षा आगमनाच्या बाजूला कठीण असते, कारण विमानातून एकशे ऐंशी माणसे एकदम उतरतात आणि पहिल्या दिसणाऱ्या स्वच्छतागृहाकडे वळतात. स्त्रियांना लागणारा वेळ जास्त असतो. तेव्हा दोन्ही बाजूंना सारखे क्षेत्रफळ देणे म्हणजे स्त्रियांची रांग ठरवूनच ठेवणे होय. पाट्यांविषयी इतकेच सांगतो की ॲम्स्टरडॅमच्या स्खिफोल विमानतळासाठी १९६७ साली बेनो विसिंग यांनी आखलेली, पिवळ्या पार्श्वभूमीचा ठळक वापर करणारी पद्धत आजही अनुकरणीय आहे, मात्र तिच्या शेजारी तितक्याच मोठ्या पिवळ्या जाहिराती लावायच्या नसतात.

अपंग आणि हालचाल मर्यादित असलेल्या प्रवाशांच्या साहाय्याची जबाबदारी युरोपीय संघाने २००६ च्या एका नियमाने विमान कंपनीकडून काढून विमानतळावर सोपवली. ४८ तास आधी कळवले, की हे साहाय्य विनामूल्य मिळाले पाहिजे, आणि त्याची सुरुवात इमारतीच्या दाराशी नव्हे, तर विमानतळाच्या हद्दीतल्या ठरवून दिलेल्या जागांपासून, म्हणजे वाहनतळापासूनही, झाली पाहिजे. सगळेच अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही, म्हणून गॅटविकने २०१६ साली सूर्यफुलाचे चित्र असलेली गळ्यातली पट्टी सुरू केली आणि ती पुढे अनेक देशांतल्या विमानतळांनी स्वीकारली. प्रादेशिक विमानतळावर मात्र एक वेगळीच अडचण राहते. तिथे बहुतेक विमानांना पूल जोडलेला नसतो. प्रवासी चालत जाऊन शिडी चढतात. चाकाच्या खुर्चीतल्या प्रवाशासाठी उचलून नेणारे वाहन लागते, आणि असे वाहन एक किंवा दोनच असते. पहाटेच्या त्या एका तासात पाच विमाने सुटणार असतील आणि त्यांपैकी तिघांना ते हवे असेल, तर एक तर प्रवासी विमानाच्या दाराशी ताटकळतो, नाहीतर विमान त्याच्यासाठी थांबते. टर्मिनलच्या विस्ताराच्या खर्चात अशा आणखी दोन वाहनांची आणि ती चालवणाऱ्या माणसांची किंमत अगदीच किरकोळ असते. तेव्हा आपल्या विमानतळाच्या विस्ताराचा आराखडा जनतेच्या हरकतींसाठी खुला होईल, त्या वेळी वार्षिक क्षमतेच्या पानाच्या पुढे जाऊन गर्दीच्या तासाचे पान शोधा, आणि अशी वाहने किती, याची नोंद त्यात आहे का तेही पाहा. नसेल, तर हरकत तिथेच नोंदवता येते.

नमस्कार.