‘विल’पुढे ‘कॅन’ का येत नाही?

श्रोतेहो, नमस्कार. ‘पुढच्या महिन्यात ती गाडी चालवू शकेल’ हे वाक्य इंग्रजीत बोलताना ‘शी विल कॅन ड्राइव्ह’ असे तोंडून निघून जाते, कारण आपले ‘शकणे’ शकतो, शकला, शकेल असे सर्व काळांत चालते. ‘कॅन’ला ही मुभा नाही. कॅन, मस्ट, मे, शुड या मोडल क्रियापदांना, म्हणजे क्षमता, सक्ती, शक्यता असे अर्थ मुख्य क्रियापदाला जोडणाऱ्या सहायक क्रियापदांना, ना ‘टू’ लागणारे मूळ रूप असते, ना ‘आयएनजी’चे रूप. ‘विल’च्या पुढे तर मूळ रूपच लागते, म्हणून प्रमाण इंग्रजीत दोन मोडल एकापाठोपाठ येत नाहीत. (स्कॉटलंडमधील आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातील काही बोलींत ‘माइट कुड’ म्हणतात, ती त्या बोलींची रीतच आहे, तिला चूक म्हणणे अन्यायाचे होईल.)

दुसऱ्या मोडलचा अर्थ व्यक्त करण्याचे काम अशा वेळी सेमी-मोडल करतात, म्हणजे मोडलसारखाच अर्थ देणाऱ्या, पण ‘विल’पुढे येऊ शकणाऱ्या रचना. ‘कॅन’ऐवजी ‘बी एबल टू’ आणि ‘मस्ट’ऐवजी ‘हॅव टू’ घेतले की ‘शी विल बी एबल टू ड्राइव्ह’ किंवा ‘वुई माइट हॅव टू वेट’ अशी वाक्ये सहज जुळतात. मोडल एकच आणि तोही सर्वांत आधी, एवढे सांभाळले की त्यामागे सेमी-मोडल एकाहून अधिकही चालतात: ‘यू विल हॅव टू बी एबल टू स्विम’, म्हणजे तुम्हाला पोहता यावेच लागेल. ‘शुड’च्या अर्थाचे ‘ऑट टू’ मात्र या बाबतीत मोडलसारखेच वागते. ‘ऑट टू बी एबल टू’ चालते, ‘विल ऑट टू’ चालत नाही.

माझ्या मते सर्वांत लक्ष देण्याजोगी रचना ‘शी मस्ट हॅव हॅड टू लीव्ह अर्ली’ ही आहे. येथे ‘मस्ट’ सक्ती दाखवत नाही, तो बोलणाऱ्याचा तर्क आहे; त्यामागचा ‘हॅव’ तो तर्क भूतकाळातील घटनेविषयी असल्याचे सांगतो आणि सक्ती येते ती ‘हॅड टू’मधून. मराठीत आपण ‘तिला लवकर निघावे लागले असणार’ असे म्हणतो, तेव्हा ‘लागले’मध्ये सक्ती आणि ‘असणार’मध्ये तर्क असतो, इंग्रजीत तर्क आधी येतो, मराठीत शेवटी. नुसते ‘शी हॅड टू लीव्ह अर्ली’ म्हटले तर तर्काचा भाग गळतो आणि तिला निघावे लागले ही गोष्ट आपल्याला पक्की ठाऊक आहे, असा अर्थ होतो.