वीस मिनिटांचा अंधार

(दृश्य: न्यूयॉर्क, मॅनहॅटनचं दक्षिण टोक. दिवेलागण.)

लांबून बघितलं तर निळसर उजेडाचे दोन खांब, सरळ आभाळात चढलेले, सहा किलोमीटरपर्यंत. ते निघतात कुठून, तर एका पार्किंगच्या इमारतीच्या गच्चीवरून.

गच्चीवर ८८ झेनॉन दिवे आहेत, एकेक ७,००० वॉटचा. ४४-४४ दिव्यांचे दोन चौकोन, बाजू ४८ फूट. एखादा दिवा जरासा कलला तरी वर जाऊन खांब फाटतो. तो सरळ झाला की नाही, हे दिव्यापाशी उभं राहून कळत नाही. लांबवर थांबलेल्या माणसानं सांगावं लागतं.

११ मार्च २००२. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या जुळ्या इमारतींवरच्या हल्ल्याला सहा महिने झाले, त्या रात्री हे दिवे पहिल्यांदा लागले. नाव आधी ठरलं होतं ‘टॉवर्स ऑफ लाइट’. मृतांच्या नातेवाइकांना ते खटकलं. गेली माणसं, आणि नाव इमारतींचं? मग ‘ट्रिब्यूट इन लाइट’ झालं. बरंच झालं म्हणायचं.

आता दर ११ सप्टेंबरला रात्रभर हा जागर असतो. पण नेमके हेच दिवस पक्ष्यांच्या दक्षिणेकडच्या प्रवासाचे, आणि त्यातले बरेचसे उडतात रात्री. झोतात शिरले की त्यांना वाट सुचत नाही. घिरट्या घालतात, सारखे ओरडतात, दमतात.

(दृश्य: गच्ची. मध्यरात्र उलटलेली.)

हे स्वयंसेवक. उताणे पडलेत, डोळ्यांना दुर्बीण. वर झोतात पांढरे ठिपके तरंगतायत. त्यातला पतंगाचा किडा कुठला नि पक्षी कुठला, ओळखायचं आणि मोजायचं. रेडस्टार्ट नावाचा पक्षी जेमतेम आठ ग्रॅमचा, दोन छोटे चमचे साखरेएवढा. आकडा हजारावर गेला की सगळे दिवे बंद. वीस मिनिटं.

२०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सात वर्षांतल्या मिळून सात रात्री, आणि या उजेडाचा फटका बसलेले पक्षी सुमारे ११ लाख. त्याच अभ्यासात हेही दिसलं, की दिवे विझले की काही मिनिटांतच थवे पांगतात.

खाली रस्त्यावर थांबलेली माणसं वर बघतात. खांब नाहीत. काळोखात नुसती बारीक चिवचिव, हळूहळू विरळ होत गेलेली.

वीस मिनिटं झाली. दिवे लागले. मोजणी पुन्हा एकपासून.