केसचा रकाना

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय, ‘गुन्ह्याची नोंद असलेल्याला नोकरी : कायदा काय म्हणतो’. कायद्याकडे येणारच आहे, वकील माणूस, जाणार कुठे? संयोजक म्हणाले, सुरुवात धुळ्याच्या तुरुंगापासून करा. १९३२ साल, विनोबा गीतेवर बोलताहेत, साने गुरुजी उतरवून घेताहेत. नाही करणार. त्या तुरुंगातून सुटून आलेल्यांना आपण हार घातले. मला बोलायचंय ते हार सोडा, वॉचमनची काठीसुद्धा ज्याच्या हाती कुणी देत नाही त्याच्याबद्दल.

सुरुवात धरणगावपासून करू. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. डोंगरातल्या भिल्लांची सरकारी कागदात ओळख एकच, लुटारू. फौजा पाठवून झाल्या, डोंगर काही हाती लागेना. १८२५ मध्ये औट्रम नावाचा बाविशीचा लेफ्टनंट आला. आधी त्यानेही छापाच घातला. पण मग पकडलेल्यांच्याच भाऊबंदांतून माणसं जमवली, त्यांच्याबरोबर वाघाच्या शिकारीला गेला, आणि धरणगावला भिल्ल पलटण उभी केली. ज्यांच्यापासून बंदोबस्त करायचा, बंदोबस्त त्यांच्याच हाती! चारित्र्याचा दाखला मागितला असता तर पलटणीत एकटा औट्रमच उरला असता.

इंग्रजांची आरती करतोय असं समजू नका. त्यांना माणसं हवी होती, रान ठाऊक असलेली आणि स्वस्तातली. याच सरकारने पुढे १८७१ मध्ये जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवायचा कायदा केला, तो पुसायला १९५२ उजाडलं. काय म्हणालात? खाज्या नाईक? बरोबर. भिल्लांचा पुढारी, सेंधव्याच्या घाटात सरकारी नोकरीत होता, तुरुंगात गेला आणि १८५७ ला त्याच सरकारवर उठला. माझ्या मुद्द्याला अडचणीचा होता, म्हणून मी गाळला होता. सरांनी पुढच्या रांगेत बसून बरोबर तोच काढला.

मुद्दा एवढाच, की औट्रम साहेबाने ‘होय की नाही’ विचारलं नाही. आपल्या अर्जात मात्र रकाना असतो, ‘आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? होय / नाही’. आता माझ्या घरची गोष्ट सांगतो.

माझा चुलतभाऊ. पोळ्याचा दिवस, वेशीत तोरण, आधी बैल कुणाचा जाणार यावर जुंपली. मान बैलांचा, डोकी माणसांची. बैल बिचारे झुली पांघरून बघत उभे. काठ्या निघाल्या आणि समोरच्याचा दात पडला. एकच, पुढचा. पण दात मोडला की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत, तेव्हाचं भारतीय दंड विधान ३२५. नुसता ओठ फाटला असता तर ३२३ वर भागलं असतं. त्या दाताने माझ्या भावाची सहा वर्षं खाल्ली. समोरून फिर्याद, म्हणून यांचीही उलट फिर्याद, तारखांवर तारखा. शेवटी दोन्ही घरांत सोयरीक जमायची वेळ आली आणि कोर्टाच्या परवानगीने तडजोड झाली. अशी तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटला असंच कायदा धरतो.

मग भाऊ एका कंपनीत ड्रायव्हरच्या जागेसाठी गेला. नाव सांगत नाही, जेवायला तिकडचे लोक बसलेत. रकान्यात ‘होय’ लिहिलं, कारण मीच सांगितलं होतं, खरं लिही. तिथला अधिकारी म्हणाला, केस आहे म्हणजे आहे. ती मिटली, हे ऐकायला तो तयार नाही. तेव्हा दातवाला स्वतः गेला गेटवर. जबडा उघडून दाखवला. “दात मना तुटना, मी माफ करं, तुम्हले काय तरास?” अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, तुमच्यावर केस आहे का? होती ना, उलट फिर्यादीची! दोघांनाही बाहेरचा रस्ता.

भाऊ आज सावद्याहून केळीचा ट्रक दिल्लीला नेतो. लाखांचा माल, नाशवंत, रात्रीचा प्रवास. केळी भरताना त्याला रकाना कुणी विचारला नाही. व्यापारी एवढंच विचारतो, घड काळे न पडता पोचवशील ना?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. बरं, आता कायदा, धावत.

सरकारी नोकरीत साक्षांकन नमुना, म्हणजे पूर्वेतिहास तपासायचा फॉर्म, भरताना केस लपवू नका. अवतार सिंग खटल्यात २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने नियम घालून दिले. खरं सांगितलं म्हणून नेमणूक मिळालीच पाहिजे असं नाही, पण गुन्हा काय, निकाल काय, हे तपासून ठरवायचं. तरुणपणी घोषणा दिल्या इतकं क्षुल्लक असेल तर लपवलेलंही सोडून देता येतं. २०११ मध्ये तर दिल्ली पोलीस भरतीतल्या एका मुलाची बाजू कोर्टाने घेतली. त्याचंही ३२५ च, त्याचीही तडजोड, आणि अर्जात त्याने सांगितलंही नव्हतं. खासगी कंपन्यांना मात्र हे बंधनकारक नाही, तिथेच सगळं अडतं.

अठराच्या आतला मुलगा असेल तर बालन्याय कायदा २०१५, कलम २४. दोष सिद्ध झाला तरी अपात्रता नाही. सोळा-अठरामधल्या अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालला तर तेवढा अपवाद.

परिवीक्षा कायदा १९५८, म्हणजे तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडणं. पहिलाच गुन्हा, हलका गुन्हा, तर शिक्षा सुनावण्याआधी वकिलाला सांगा, परिवीक्षेवर सोडायची मागणी करा. कलम १२ मुळे शिक्षेपायी येणारी अपात्रता लागत नाही. नोकरीतून काढायचं असेल तर कोर्टं ते कलम तोकडं वाचतात, तरी मागा.

आणि केस मिटली की निकालाची प्रमाणित नक्कल काढून घरात ठेवा. पोलिसांच्या नोंदीत दाखल झालेलं दिसतं, मिटलेलं कित्येकदा दिसत नाही. माझ्या भावाकडे नक्कल नव्हती. केस कुणी चालवली होती म्हणता? मीच. तडजोडीचे पेढे खाल्ले आणि नक्कल राहिली. नंतर काढली, दोन वर्षांपासून माझ्याच कपाटात आहे. परवा म्हटलं, घेऊन जा रे. तर म्हणतो, “दादा, राहू दे तिथेच. केळीला लागत नाही.”