खासगी एफएम: इशारा चालतो, प्रश्न चालत नाही

[दृश्य: राजाराम बंधारा, पाणीपातळीची पट्टी]

कोल्हापूरचा राजाराम बंधारा. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. पावसाळ्यात अख्ख्या शहराचा जीव या पट्टीवर टांगलेला असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं होतं.

[दृश्य: पुराची जुनी चित्रफीत. निवेदन नाही.]

[दृश्य: रेडिओ स्टुडिओ, कन्सोलवर हात]

गाणं संपत आलं, की आरजे, म्हणजे रेडिओचा निवेदक, एका हाताने गाण्याचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) खाली घेतो, दुसऱ्या हाताने माईकचा वर. दाराबाहेर लाल दिवा लागतो. बोलायला मिळतो जेमतेम मिनिटभर. पाणी किती फुटांवर आहे, कुठला रस्ता बंद झालाय, नदीकाठच्या लोकांनी कधी निघायचं, हे प्रशासनाने कळवलेलं तो सांगू शकतो. पण कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून विसर्ग वेळेवर वाढवला का, असं एखाद्या अधिकाऱ्याला फोन लावून विचारलं, की ती झाली चालू घडामोड. तिथे खासगी एफएमला मनाई.

याच शहरातलं टोमॅटो एफएम 'पुढारी' वृत्तपत्र समूहाचं. पेपरात पहिल्या पानावर जे छापता येतं, ते घरच्याच रेडिओवर बोलता येत नाही!

[दृश्य: सर्वोच्च न्यायालय, मग जुने रेडिओ संच]

फेब्रुवारी १९९५. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रक्षेपणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. जुलै २००१ मध्ये बंगळूरला रेडिओ सिटी सुरू झालं, देशातलं पहिलं खासगी एफएम केंद्र. त्या पहिल्या टप्प्यात परवाना शुल्क ठरावीक होतं आणि दरवर्षी १५ टक्क्यांनी वाढायचं. केंद्रं तोट्यात गेली. मग २००५ मध्ये, दुसऱ्या टप्प्यात, सरकारने हिशेबच बदलला. एकदाच प्रवेश शुल्क भरायचं, पुढे उत्पन्नाच्या ४ टक्के. पैशाचं गाऱ्हाणं दिल्लीने ऐकलं, बोलण्याचं मात्र नाही.

[दृश्य: धोरणाची छापील पानं, ओळींवरून फिरणारं बोट]

२०११ चं तिसऱ्या टप्प्याचं धोरण. इथे पहिल्यांदा थोडी सूट दिसते. वाहतूक, हवामान, सण-समारंभ, परीक्षांचे निकाल, प्रवेश, नोकऱ्यांची माहिती, वीज-पाण्याच्या सूचना, आपत्ती आणि आरोग्याचे इशारे, हे सगळं बातमीत धरायचं नाही. मग बातमी कशाला म्हणायची? ते केंद्राने आपलं आपण ताडायचं. शंका आली, की गाणं लावणं सोपं.

आकाशवाणीचं बातमीपत्र लावायला परवानगी आहे, पण जसंच्या तसं. जानेवारी २०१९ मध्ये ही बातमीपत्रं मोफत देण्याची घोषणा झाली, सुरुवातीला हिंदी आणि इंग्रजीतली.

याच धोरणाने एका शहरातला कार्यक्रम आपल्या दुसऱ्या केंद्रांवर वाजवायची मोकळीकही दिली. खर्च वाचला, गावोगावचा आवाज एकसारखा झाला. असो.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर तासाचं वेळापत्रक]

हे एका तासाचं चाक. गाणी, जाहिराती, जिंगल, आरजेच्या लिंक (गाण्यांमधलं बोलणं), सगळं मिनिटांत कापलेलं. सप्टेंबर २०२३ मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, शिफारस केली, की या चाकातली १० मिनिटं बातम्या आणि चालू घडामोडींना मिळावीत. दर तासाला जास्तीत जास्त १० मिनिटं, म्हणजे दोन गाणी आणि एक ब्रेक. इतक्या केंद्रांवर लक्ष कोण ठेवणार, हा सरकारचा जुना आक्षेप. पण आकाशवाणीची कार्यक्रम संहिता बातम्यांनाही लागू राहील, असं ट्रायनेच लिहिलंय. वार्ताहर ठेवणं छोट्या केंद्रांना जड जाईल, तेही खरंच.

[दृश्य: लातूर, चंद्रपूर, बाजारपेठ आणि बसस्थानक]

ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ नव्या शहरांमधल्या ७३० वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली. लातूर, चंद्रपूर त्यातलीच. मातृभाषेत स्थानिक कार्यक्रम वाढावेत, हा सांगितलेला हेतू. मग ती १० मिनिटं इथल्या परवान्याच्या अटींमध्ये आधीच लिहून टाकायला हवीत. तिसऱ्या टप्प्यातला परवाना एकदा हाती पडला, की १५ वर्षं चालतो.